उणे अठरावरचं पीठ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



शहरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी कॅफेत सकाळी साडेआठला गेलात तर काचेच्या कपाटात गरम मफिन मांडलेले दिसतात. वास ताजा, वरचा घुमट छान फुगलेला. आपल्याला वाटतं, मागे कुणीतरी पहाटे उठून मैदा चाळला असेल, लोणी-साखर फेटली असेल. पुष्कळदा तसं काही घडलेलं नसतं. मागे असतो एक फ्रीझर, टेबलावर मावेल एवढी भट्टी आणि विशीतला एक मुलगा. त्याने आदल्या रात्री फ्रीझरमधली एक पिशवी काढून खाली फ्रिजमध्ये ठेवलेली असते. सकाळी तिचा कोपरा कापायचा, कागदी वाट्यांत पीठ पिळायचं आणि वाट्या भट्टीत सरकवायच्या, एवढंच त्याचं काम. ते पीठ दुसऱ्याच कुठल्या गावात, कधीकधी दोन-तीन महिन्यांपूर्वी कालवलेलं असतं.

आज मला बोलायचं आहे ते त्या पिशवीबद्दल. माझा धंदाच वेष्टनांचा. लोक आतला पदार्थ पाहतात, मी पिशवीचं सील पाहतो. घरचे याला खोड म्हणतात.

आधी शब्दाचं बघू. मराठीत ‘पीठ’ म्हटलं की डब्यातलं कोरडंही पीठ आणि इडलीचं आंबवलेलंही पीठच. बेकरीवाले ओल्या, ओतता येणाऱ्या मिश्रणाला सरळ ‘बॅटर’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, ‘पळीवाढं’. पळीने वाढता येईल इतपत सैल. मी आज पीठ म्हणेन ते अशा पळीवाढ्या पिठाला. पावाची कणीक आपला आकार धरून बसते, तिला कागदात गुंडाळलं तरी चालतं. पळीवाढ्या पिठाला स्वतःचा आकारच नाही. ज्यात ओताल त्याचा आकार. म्हणून इथे वेष्टन हे नुसतं कपड्यासारखं नसतं, ते या पिठाचं हाड असतं.

आता पहिली अडचण. ढोकळा करताना सोडा घातला की घरातली म्हातारी माणसं काय सांगत? ‘आता थांबू नको, लगेच पात्रात ओत.’ कारण सोडा आणि आंबट एकत्र ओले झाले की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो आणि उशीर केला तर तो उडून जातो. मग ढोकळा बसतो. ढोकळ्याला पाच मिनिटं थांबवत नाही, आणि हे लोक केकचं पीठ तीन महिने थांबवतात! कसं जमतं? एक तर असे आम्लाचे क्षार वापरतात की जे थंडीत झोपून राहतात आणि भट्टीची धग लागली की मगच काम करतात. दुसरं, सोड्याच्या कणांना चरबीचा पातळ लेप देतात. तो भट्टीत वितळतो, तेव्हा कुठे सोडा मोकळा होतो. आणि तिसरी गोष्ट अर्थात थंडी, जिच्यात सगळ्याच रासायनिक क्रिया मंदावतात. एवढं करूनही थोडा वायू सुटतोच. तो पिठात अडकून राहिला तर सोनं. पिशवीत जमला तर पिशवी फुगते, आणि भट्टीत फुगायला पिठात काही उरत नाही.

याच वायूचा एकाने उलटा उपयोग करून घेतला. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल इथे लाइव्हली विलोबी नावाचा बेकर होता. त्याने बिस्किटांची कच्ची कणीक पुठ्ठ्याच्या नळकांड्यात भरायची युक्ती काढली आणि १९३१ साली तिचं पेटंट घेतलं. आत वायू सुटतो, कणीक फुगून नळकांडं घट्ट भरते, वर थोडा दाब राहतो. गिऱ्हाइकाने ते उघडलं की ‘फट्’ असा आवाज होतो. पुढे ती कल्पना पिल्सबरी कंपनीकडे गेली आणि तो आवाज अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांचा ओळखीचा झाला. पण ती कणीक फ्रिजमध्ये ठेवायची, गोठवायची नव्हे. गोठवायच्या पिठात दाब धरून ठेवण्यापेक्षा दाब होऊच न देणं बरं. म्हणजेच ते लवकरात लवकर गोठवणं.

इथे वेष्टनाचा आकार येतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत कमी लक्षात घेतलेली बाब आहे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हे नाव काहींनी ऐकलं असेल. हा अमेरिकन माणूस १९१२ नंतरची काही वर्षं कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर राहिला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत नुकता पकडलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी चांगला लागतो, हे त्याने पाहिलं. सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे, धारदार स्फटिक होतात आणि पदार्थाची वीण फाडतात. झटकन गोठलं की स्फटिक बारीक राहतात. परत आल्यावर त्याने जे यंत्र केलं त्याची गंमत अशी, की अन्न आधी चपट्या खोक्यात भरायचं आणि मग ते खोकं दोन अतिथंड पत्र्यांमध्ये दाबून गोठवायचं. वेष्टन शेवटी नाही, पहिल्यांदा. मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावातल्या दुकानांत अशी खोकी विकायला आली.

चपटं कशासाठी? तर थंडीला गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीबरोबर सरळ वाढत नाही. जाडी दुप्पट केली तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो; थंड पत्रे घट्ट चिकटलेले असतील तर जवळजवळ चौपट. एक किलो पीठ वहीएवढ्या पिशवीत, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं पसरलंत, तर साध्या फ्रीझरमध्येही काही तासांत दगड होतं. पण पाच किलो पीठ गोल बादलीत भरून त्याच फ्रीझरमध्ये ठेवा. कडेला बर्फ, आणि मधला गाभा दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊच. तेवढा वेळ गाभ्यातला सोडा काम करत राहतो. मग एकाच बादलीतले कडेचे मफिन फुगतात, मधले बसतात, आणि बेकर भट्टीला शिव्या घालतो. वितळवतानाही हीच रड. बादली बाहेर काढून ठेवली की कडेचं पीठ तासन्‌तास उबेत राहतं आणि आत बर्फाचा गोळा. मोठ्या बेकऱ्या बादल्या वापरतात, कारण भरायला सोप्या, रचायला सोप्या, रिकाम्या झाल्या की पाणी भरायला घरी नेता येतात. पण जमेल तिथे मी चपट्या पिशवीच्या बाजूचा.

पिशवीचा आणखी एक फायदा मेंदी काढणाऱ्या बायकांना सांगायला नको. कोपरा कापला की मेंदीचा कोनच तयार. हात लागत नाही, चमचा-पळी धुवायची नाही, आणि शेवटचं पीठ पिळून काढता येतं. बादलीच्या कडेला चिकटून राहणारं पीठ हा रोजचा, दिसत नसलेला तोटा असतो.

बरं, पिशवी कशाची? सांगलीकडच्या एक ताई २०१४ साली माझ्याकडे आल्या होत्या. बिनअंड्याच्या मफिनचं पीठ करून पुण्यातल्या कॅफेंना पाठवायचं, असा त्यांचा व्यवसाय. बँकेचं कर्ज काढून मोठा फ्रीझर घेतलेला, हाताखाली गावातल्या सहा बायका. त्यांनी पीठ प्लास्टिकच्या सुबक डब्यांत भरलं होतं. डबे दिसायला झकास. पण ते साध्या पॉलिप्रॉपिलीनचे होते आणि या प्लास्टिकचा स्वभाव असा, की शून्याच्या आसपास ते काचेसारखं ठिसूळ व्हायला लागतं. गाडीतून उतरवताना एक खोकं आपटलं की चार डबे तडकलेले. आइस्क्रीमवाले त्यातलाच एक वेगळा, मिश्र प्रकार वापरतात. तो थंडीत तग धरतो, पण बाजारात डबा घेताना दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय डबे काठोकाठ भरलेले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पिठात सगळं पाणी नसतं, साखरेमुळे उणे अठरालाही त्यातलं थोडं पाणी न गोठलेलं राहतं, त्यामुळे पीठ तेवढं फुगत नाही. पण झाकण उचलायला पुरेल इतकं फुगतंच.

पॉलिथिन मात्र खूप खालच्या तापमानालाही लवचीक राहतं, आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. ओल महत्त्वाची, कारण फ्रीझरमधली हवा कोरडीठाक असते आणि बर्फाची न वितळता थेट वाफ होत राहते. मटण किंवा मटार बरेच दिवस उघडे राहिले की वर पांढरट, वाळके डाग पडतात ते यामुळेच. पिठावरही पडतात. पूर्वी यावर चांगला उपाय नव्हता. सेलोफेन होता, पण तो ओल अडवत नसे. १९२७ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत त्यावर चढवायचा ओलरोधक लेप तयार झाला, आणि गोठवलेल्या अन्नाच्या धंद्याला तो अगदी वेळेवर मिळाला. पॉलिथिनचं एक उणं म्हणजे प्राणवायू आणि वास त्यातून आरपार जातात. लोण्याचं पीठ आणि बोंबील एका फ्रीझरमध्ये ठेवून बघा! शिवाय लोणी-तेल थंडीतही सावकाश खवट होतंच. म्हणून आत पॉलिथिन आणि बाहेर नायलॉन, असे दोन थर चिकटवलेली पिशवी घेतात. नायलॉन हवा रोखतं आणि टोचलं तरी सहज फाटत नाही. पिशवी भरताना हवा काढून टाकायची. पीठ आणि पिशवी यांच्यात पोकळी राहिली की पिठातली ओल तिथे येऊन भुरभुरीत बर्फ होऊन बसते.

तर ताई डबे सोडून चपट्या पिशव्यांवर आल्या. तीन महिने सुरळीत गेले आणि मग फोन आला, ‘सर, माझ्या इथे मफिन वर येतात. पुण्यात बसतात. गिऱ्हाईक म्हणतं, पीठच खराब. दोन बिलं अडकवलीत.’ दोन बिलं म्हणजे त्यांच्या कर्जाचा त्या महिन्याचा हप्ता. वाहतूकदाराच्या कागदावर मात्र सगळं ठीक. गाडीत भरताना उणे अठरा, उतरवताना उणे अठरा.

आम्ही पुण्यात उतरलेलं एक खोकं उघडलं. भरताना सगळ्या पिशव्या पाटीसारख्या सपाट होत्या. आता त्यातल्या अर्ध्या एका बाजूला पोट सुटल्यासारख्या झालेल्या, आणि तशाच दगडासारख्या गोठलेल्या. आतल्या बाजूला बर्फाची भुकटी. म्हणजे वाटेत पीठ सैल झालं, गाडीच्या धक्क्यांनी उताराकडे वाहिलं आणि परत गोठलं. कागदावर सुरुवात होती आणि शेवट होता, मधली रात्र नव्हती. ती पिशवीने सांगितली. डबा असता तर त्याने काहीच सांगितलं नसतं, कारण डब्यात पीठ वितळून परत गोठलं तरी डब्याच्याच आकाराचं.

पुढच्या फेरीला एका खोक्यात काडेपेटीएवढं तापमान नोंदवणारं यंत्र ठेवलं. आलेख स्पष्ट होता. रात्री काही तास थंडावा बंद होता, पहाटे परत सुरू. रीफर ट्रकचा थंडावा डिझेलवर चालतो, आणि रात्री तो बंद ठेवून डिझेल वाचवण्याची रीत या धंद्यातल्या कुणालाच नवी नाही. मी ड्रायव्हरला फारसा दोष देत नाही. ज्याने डिझेलचा हिशेब त्याच्या पगारात अडकवला, त्याला देतो. मालकाने ‘दार उघडं राहिलं असेल’ एवढंच उत्तर दिलं. ताईंनी आलेख दाखवून एक बिल सोडवून घेतलं, दुसरं बुडालं, आणि ते गिऱ्हाईकही गेलं. आता त्या दुसऱ्या वाहतूकदाराकडून माल पाठवतात आणि दर खेपेला एक यंत्र खोक्यात असतं. ते आहे हे ड्रायव्हरला सांगून ठेवतात.

लहान खोक्यातून पाठवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. औषधांबरोबर येणाऱ्या साध्या जेलच्या पिशव्या शून्याच्या आसपास वितळतात. दुधाला ठीक, गोठलेल्या पिठाला त्यांचा उपयोग नाही. इथे आपला कुल्फीवाला जास्त शहाणा. तो बर्फात जाडं मीठ घालतो. घरोघरी उन्हाळ्यात आइस्क्रीमचा पॉट फिरवायचे तेव्हाही तेच करायचे. मीठ आणि बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं, आणि गोठवलेल्या मालासाठी मिळणाऱ्या काही खास पिशव्यांत व पट्ट्यांत असंच खारं पाणी भरलेलं असतं. कोरडा बर्फ त्याहून किती तरी थंड, उणे ७८ अंशांचा. पण तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्याचा सरळ वायू होतो. हवाबंद खोक्यात ठेवला तर खोकं फुटेल, आणि बंद काचांच्या मोटारीतून नेला तर माणूस गुदमरेल. खोक्याला वायू जायला वाट ठेवा, गाडीची काच खाली ठेवा.

पुठ्ठ्याच्या खोक्याचंही मरण असतं. थंड कोठारातून ते मुंबईच्या दमट हवेत आलं की क्षणात दव धरतं, पुठ्ठा मऊ पडतो आणि खालची रांग वरच्या रांगेच्या भाराने बसते. म्हणून आतून पॉलिथिनचा थर. आणि लेबल गोठवण्याआधी चिकटवावं. थंडगार, ओल्या पिशवीवर साधा डिंक धरत नाही. लेबल गळून पडलेली पिशवी म्हणजे तारीख नसलेलं पीठ.

लेबलावरून एक गंभीर गोष्ट. २००९ साली अमेरिकेत ३० राज्यांतली सत्तरहून अधिक माणसं ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराने आजारी पडली. तपास जाऊन पोचला तो फ्रिजमध्ये मिळणाऱ्या कुकीच्या कच्च्या कणकेपर्यंत. ती भाजून खायची होती. लोक, विशेषतः तरुण मुली, ती कच्चीच खात होत्या. संशय मैद्यावर गेला, कारण अंडी जंतुमुक्त करून घेतलेली होती आणि मैदा मात्र कच्चाच. मैदा हे शेतातून आलेलं कच्चं धान्य आहे, हे आपल्याही घरांत कुणाच्या ध्यानात नसतं. आणि गोठवण्याने जंतू मरतीलच असं नाही, बहुतेक नुसते थांबतात. पीठ वितळलं की ते परत कामाला लागतात. म्हणून पिशवीवरचं ‘कच्चं खाऊ नये’ आणि ‘वितळल्यावर पुन्हा गोठवू नये’ ही दोन वाक्यं माझ्या दृष्टीने कंपनीच्या नावाहून मोठ्या अक्षरांत हवीत. प्रत्यक्षात ती शिवणीच्या घडीत, मुंगीएवढी असतात. आपला कायदा लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत मागतो. मराठी घातली तर कुणाची ना नाही. भट्टीपाशी उभा असलेला मुलगा कुठल्या भाषेत वाचतो हे कुणी विचारत नाही. मी गिऱ्हाइकांना चित्रं काढायला लावतो. खायचा चमचा आणि त्यावर फुली. हे सगळ्यांना कळतं.

अंड्याचंही तसंच. आपल्याकडे अंडं घातलेलं पीठ कायद्याने मांसाहारी ठरतं. पूर्वी तपकिरी ठिपका लागायचा, आता चौकोनात तपकिरी त्रिकोण लागतो. सोबत ‘फक्त अंडं आहे’ असं लिहायची मुभा आहे. तरी बहुतेक कारखानदार बिनअंड्याचंच पीठ करतात, कारण हिरवा ठिपका असला की तीच पिशवी सगळ्या गिऱ्हाइकांना चालते.

ज्यातून भाजायचं त्यातच गोठवायचं, ही वेगळी वाट. शिकागोच्या चार्ल्स ल्युबिनने १९५० च्या दशकात आपल्या मुलीच्या नावाचा, ‘सारा ली’ केक ॲल्युमिनियमच्या ज्या पातळ ताटलीत भाजला त्याच ताटलीत गोठवून दूरवर पाठवला. तो भाजलेला केक होता, पण ताटलीची युक्ती कच्च्या पिठालाही लागू पडते. आता फ्रीझरमधून थेट भट्टीत चालणारे प्लास्टिकचे ट्रेही मिळतात. महाग आहेत, आणि नंतर त्यांचं काय करायचं हा प्रश्न आहेच. दोन थर चिकटवलेल्या पिशवीचंही तेच. थर वेगळे होत नाहीत, त्यामुळे भंगारवाला ती उचलत नाही. २०१८ च्या महाराष्ट्रातल्या प्लास्टिकबंदीनंतर लोक मला विचारतात, कागदाची पिशवी नाही का चालणार? अजून तरी नाही. पीठ वाया गेलं तर त्यातला मैदा, साखर, वीज, सगळंच कचऱ्यात जातं, तोही हिशेब धरायला हवा.

घरच्या फ्रीझरसाठी एक युक्ती सांगतो. भारनियमनाच्या गावी उपयोगी पडेल. वाटीभर पाणी गोठवा, त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परगावाहून आलात आणि नाणं वरच असलं तर ठीक. ते वाटीच्या तळाशी गोठलेलं दिसलं, तर मधे कधीतरी सगळं वितळलं होतं. पोलिओच्या डोसाच्या कुपीवर उष्णता लागली की गडद होत जाणारा चौकोन असतो, १९९६ पासून वापरात आहे. तसाच हा आपला रुपयाचा चौकोन म्हणा.

आता एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, मागच्या भाषणानंतरच्या पत्रांतही होता. इडलीचं पीठ गोठवता येतं का? येतं. पण केकच्या पिठात सोडा झोपवलेला असतो, इडलीच्या पिठात जंतू जिवंत असतात आणि तेच ते फुगवतात. म्हणून ते आंबल्यावर, पण फार आंबट व्हायच्या आत, चपट्या पिशवीत भरा, हवा काढा, थोडी जागा मोकळी सोडा. काढाल तेव्हा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. इडली थोडी कमी फुगेल. डोसे मात्र चांगले होतात.